एका शितावरून शिवाराची परीक्षा नको

गेल्या वर्षीच्या खरिपातली गोष्ट. फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात मक्याच्या नव्या संकरित वाणाचा शेतकरी मेळावा होता. मांडव, फलक, चहापाणी सगळे यथासांग झाले. कंपनीच्या प्रतिनिधीने बांधावर उभे राहून कणसे सोलून दाखवली आणि एकरी ३० क्विंटलचा आकडा सांगितला. शेजारच्या रानातल्या जुन्या वाणाचा आकडा होता २४. म्हणजे एकरी ६ क्विंटलांची वाढ! लोकांच्या माना डोलल्या. मीही डोलावली. इतकेच नव्हे, तर त्याच्या आदल्या वर्षी असाच एक प्लॉट बघून मी स्वतः माझ्या सज्जातल्या शेतकऱ्यांना एका वाणाची शिफारस केली होती.

परतताना एक वयस्कर शेतकरी गाडीजवळ आले. म्हणाले, "साहेब, त्या रानात मागल्या साली अख्खा उकिरडा पांगवलाय. वर बोअरचं पाणी. तिथं दगड पेरला तरी कणीस येईल. माझ्या मुरमाड वावराचं काय ते सांगा."

मी म्हणालो, "बाबा, वाण चांगलं आहे."

"चांगलं असंल. पण तुम्ही मागल्या साली सांगितलं तेबी चांगलंच होतं. माझ्या पोत्यात काही आलं नाही ते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पदविकेच्या अभ्यासात आम्हाला सांख्यिकीचा एक धडा होता. परीक्षेपुरता पाठ केला, मार्क मिळाले आणि विसरून गेलो. बाबांचा प्रश्न नेमका त्याच धड्यातला होता. त्यांना पुस्तकातले नाव माहीत नव्हते, मला नाव माहीत होते आणि अर्थ विसरला होता. दोघांत शहाणा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

शेतकरी बंधूंनो, प्रश्न असा आहे. दोन प्लॉटच्या उत्पन्नात ६ क्विंटलांचा फरक पडला. तो वाणाचा, की जमिनीचा, की नुसता योगायोगाचा? हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. ती खोटी नाही. पण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो. म्हणून एक शीत दाबले की बाकीची कळतात. शेत तसे शिजत नाही. एकाच गटात बांधाकडेची दहा फूट जमीन वेगळी, मधली वेगळी, लिंबाच्या सावलीतली वेगळी. जिथे पूर्वी उकिरडा होता तिथे पीक काळेभोर, जिथे ट्रॅक्टर वळतो तिथे खुरटलेले. एकच वाण, एकच खत, एकच पाणी आणि तरीही एका कोपऱ्यात २० तर दुसऱ्या कोपऱ्यात २५. काहीही न बदलता जमीन स्वतःहूनच ५ क्विंटलांचा फरक दाखवत असेल, तर वाण बदलून आलेल्या ६ क्विंटलांतले किती वाणाच्या नावावर मांडायचे?

याचे उत्तर देणारी रीत आहे. तिचे इंग्रजी नाव 'ॲनालिसिस ऑफ व्हेरियन्स', विद्यापीठातले लोक थोडक्यात 'ॲनोव्हा' म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. ही फरकाची वाटणी आहे. एकूण फरक किती, त्यातला जमिनीचा हिस्सा किती, वाणाचा किती आणि कुणाच्याच नावावर न लागणारा, शिल्लक राहिलेला किती, एवढेच ती सांगते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते, मी मांडलेले आहेत. समजा एका गावात चार शेतकऱ्यांनी आपापल्या रानात मक्याचे तीन वाण शेजारी शेजारी लावले. अ हे जुने, ब आणि क ही नवी. एकरी उत्पन्न क्विंटलमध्ये असे आले :

पहिला शेतकरी (नदीकाठची काळी जमीन) : अ २७, ब २७, क ३०
दुसरा शेतकरी (मध्यम काळी, विहिरीचे पाणी) : अ २१, ब २४, क २७
तिसरा शेतकरी (मध्यम, चढाची) : अ १९, ब २१, क २०
चौथा शेतकरी (मुरमाड, कोरडवाहू) : अ १३, ब १६, क १९

सरासरी काढली तर अ २०, ब २२, क २४. सगळ्यांची मिळून सरासरी २२.

आता बघा. मेळावा पहिल्याच्या बांधावर घेतला तर क चे ३० दिसतील. शेजारी चौथ्याच्या अ चे १३ सांगितले, तर फरक १७ क्विंटल! आणि मेळावा तिसऱ्याच्या बांधावर घेतला तर ब पहिले येईल आणि क त्याच्या मागे पडेल. सगळे आकडे खरे, कुणीही खोटे बोलले नाही. तरी ज्याला जे विकायचे, त्याला तो बांध सापडतोच.

आता वाटणी करू. प्रत्येक आकडा २२ पासून किती दूर आहे ते काढायचे, त्याचा वर्ग करायचा आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. बारा आकड्यांची ही बेरीज येते २८४. यातला चार शेतकऱ्यांच्या जमिनींमुळे पडलेला हिस्सा निघतो २४०, वाणांमुळे पडलेला ३२ आणि शिल्लक १२. म्हणजे शंभरातले ८० हून जास्त भाग जमिनीचे आणि वाणाचे जेमतेम ११. ज्याच्यासाठी मांडव घातला, त्याचा हिस्सा एवढासा!

पण लहान म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याची तुलना जमिनीशी करायची नसते, शिल्लकीशी करायची असते. जमिनीचा हिस्सा आपण ओळखून बाजूला काढला. राहिलेली शिल्लक म्हणजे योगायोगाचे माप, आपला तराजू.

तुलना करण्याआधी एक छोटी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तीन भावांत वाटणी करताना दोघांचे हिस्से ठरले की तिसऱ्याचा आपोआप ठरतो, त्याला मोकळीक राहत नाही. तसेच इथे. तीन वाणांत मोकळे आकडे दोन, चार शेतकऱ्यांत मोकळे तीन आणि शिल्लकीत दोन गुणिले तीन म्हणजे सहा. म्हणून वाणाच्या ३२ ला २ ने भागायचे, आले १६. शिल्लकीच्या १२ ला ६ ने भागायचे, आले २. वाणांमुळे पडलेला फरक योगायोगाच्या ८ पट झाला. एवढ्या आकाराच्या प्रयोगाला तक्त्यात ५.१४ पट पुरे असते. म्हणजे वाणांत फरक आहे, असे म्हणायला आधार मिळाला.

आता जमिनीचा हिस्सा बाजूला काढलाच नाही तर काय होते ते पाहा. २४० आणि १२ एकत्र झाले, २५२. त्याला ९ ने भागले, २८. वाणाचे १६ त्याच्यापुढे लटके पडले. त्याच बारा आकड्यांवरून माणूस म्हणेल, 'वाणांत काही फरक नाही.' आकडे तेच, फक्त वाटणी चुकली. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या रानात सगळी वाणे शेजारी शेजारी लावायची असतात. एकाच्या रानात नवे आणि दुसऱ्याच्या रानात जुने, असे करायचे नसते. बाबांच्या गावात नेमके तेच झाले होते.

पुढचा प्रश्न, कोणते वाण कोणापेक्षा चांगले? विद्यापीठाच्या अहवालात तक्त्याच्या तळाशी 'सी. डी.' म्हणून एक आकडा असतो. बहुतेकजण तो वाचत नाहीत, मीही वाचत नव्हतो. दोन सरासऱ्यांत निदान एवढा फरक असल्याशिवाय तो वाणाचा मानू नये, असा त्याचा अर्थ. आपल्या उदाहरणात तो येतो सुमारे २.४५ क्विंटल. क आणि अ मध्ये ४ चा फरक आहे, तो मानायचा. ब आणि अ मध्ये २ चा आहे, क आणि ब मध्येही २ चाच. त्यावर छातीठोकपणे काही बोलता येत नाही. 'दोन्ही सारखीच आहेत' असेही म्हणता येत नाही, 'अजून कळलेले नाही' एवढेच म्हणता येते. हे तीन शब्द म्हणायला आम्हा अधिकाऱ्यांना जड जाते, पण म्हणायला शिकले पाहिजे.

या शिल्लकीला पुस्तकात 'एरर' म्हणतात आणि त्यामुळे गैरसमज होतो. लोकांना वाटते कुणाची तरी चूक झाली, माप चुकले, मजुराने नीट कापले नाही. तसे नाही. चुकीचे माप त्यात भर घालते हे खरे, पण सगळे काम चोख करूनही शिल्लक राहतेच, कारण जमीन एकसारखी नसते. ही शिल्लक लपवायची नसते, सांगायची असते. ज्या अहवालात ती सांगितलेलीच नाही, तो अहवाल म्हणजे वजन न दाखवता केलेला सौदा.

आणि ही शिल्लक मोजायला पुनरावृत्ती लागते. एकेकच प्लॉट असेल तर तराजूच नाही, मग मापणार कशाने? इथे एक पळवाट आम्ही लोक नेहमी काढतो. एकाच प्लॉटमधून पाच ठिकाणची कणसे तोडायची आणि 'पाच नमुने घेतले' असे लिहायचे. ते पाच नमुने त्या एका प्लॉटचेच. ते त्या प्लॉटविषयी नीट सांगतील, गावाविषयी नाही. एकाच पोत्यातून पाच मुठी काढून आख्ख्या ट्रकचा भाव ठरवत नाहीत. आडतीवर गेलेल्या कुणालाही हे पटेल.

पुनरावृत्ती किती हवी? शिल्लकीचे मोकळे आकडे निदान १२ असावेत, असा साधारण दंडक आम्हाला शिकवतात. कारण थोड्या आकड्यांवरून काढलेले योगायोगाचे माप स्वतःच डळमळीत असते. आपल्या उदाहरणात ते ६ होते. तीन वाणांसाठी १२ हवे असतील तर सात शेतकरी लागतात. सात फार नाहीत. कुठल्याही गावात एवढे मिळतात.

हे शास्त्र परके वाटायला नको, कारण त्याचा जन्मच शेतात झाला. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ साली बटाट्याच्या वाणांवर खतांचा काय परिणाम होतो, या प्रयोगात त्यांनी फरकाची ही वाटणी वापरली. १९२५ मध्ये त्यावर पुस्तक आले. आपल्याकडे ही विद्या रुजवणाऱ्यांत दोन मराठी माणसे पुढे होती, विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. दोघांनी मिळून शेती संशोधकांसाठी सांख्यिकीचे पुस्तक लिहिले, ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढले. देशातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ते वापरले गेले. आपल्या परभणीच्या विद्यापीठातही, आता ज्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, एखाद्या वाणाची शिफारस होते ती वेगवेगळ्या केंद्रांवर, एकाहून अधिक हंगामांत आणि पुनरावृत्ती घेऊन केलेल्या चाचण्यांनंतरच. म्हणजे विद्यापीठाच्या शेतावर वाटणी होते. गावच्या बांधावर मात्र आम्ही ती विसरतो.

हा प्रश्न बियाण्याच्या पिशवीपुरता असता तर एवढा लेखनप्रपंच केला नसता. पण तो पीकविम्याच्या पैशांशीही जोडलेला आहे. राज्यातली एक रुपयातली विमा योजना बंद झाली आणि २०२५ च्या खरिपात भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोग हाच ठरला. महसूल मंडळाची प्रयोगांतून आलेली सरासरी उंबरठा उत्पादनाच्या खाली गेली तर मंडळाला भरपाई, नाहीतर नाही. उंबरठा म्हणजे मागच्या ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून येणारा आकडा.

या प्रयोगांची रीतही सुखात्म्यांच्या पिढीने घालून दिलेली आहे. गट चिठ्ठ्यांनी म्हणजे यदृच्छेने निवडायचा, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात करायची, ज्वारी-बाजरीसारख्या पिकाचा १० बाय ५ मीटरचा प्लॉट आखायचा आणि त्यातले सगळे पीक कापून तोलायचे. प्लॉट अगदी छोटा घेतला तर उत्पन्न फुगून दिसते, कारण कडेवरची झाडे आत ओढली जातात, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात आकडे मांडून दाखवले. रीत चांगली आहे. पण आपल्यापर्यंत तिच्यातून फक्त एक सरासरी पोहोचते.

पैठण तालुक्यासारख्या भागाचा विचार करा. जायकवाडीच्या कालव्याखालची गावे आणि त्यांच्या शेजारची कोरडवाहू गावे. समजा एका मंडळात पाच गावांत दोन-दोन असे दहा प्रयोग झाले. हेक्टरी आकडे असे : कालव्याच्या दोन गावांत २०, १९ आणि १८, १९. कोरडवाहू तीन गावांत ८, ९, मग ७, ६ आणि ७, ७. बेरीज १२०, सरासरी १२. उंबरठा ११ असेल तर मंडळात कुणालाच काही नाही. आणि चिठ्ठीत कालव्याच्या दुसऱ्या गावाऐवजी ७, ७ वाले आणखी एक कोरडवाहू गाव निघाले असते तर? सरासरी ९.७ आणि सगळ्या मंडळाला भरपाई. चिठ्ठीत कुणाची लबाडी नाही, कापणीतही नाही. तरी एका गावाच्या अदलाबदलीने निकाल फिरला.

इथेही वाटणी करून पाहा. एकाच गावातल्या दोन प्रयोगांत फरक फार तर १ चा, गावागावांत मात्र १२-१३ चा. मग त्याच गावांत आणखी प्रयोग वाढवून काही हाती लागणार नाही. गावे वाढवली पाहिजेत, किंवा कालव्याखालची आणि कोरडवाहू गावे वेगळी मोजली पाहिजेत. हे नुसत्या '१२' या आकड्यातून कधीच दिसले नसते. दहाही आकडे समोर असले तरच दिसते.

काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला ही गणिते कशाला? त्याला निकाल सांगा, पुरे. मला हे पटत नाही. पोत्याच्या तोंडाशी एक मूठ आणि बुडाशी एक मूठ बघितल्याशिवाय आपण धान्य घेत नाही. वर चांगला आणि खाली पोचट माल म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. वर्ग आणि भागाकार आम्ही करू, ते आमचे कामच आहे. 'नुसती सरासरी नको, आकडे किती मागेपुढे आहेत ते सांगा' एवढे मागणे शेतकऱ्याने मागावे.

दुसरी अडचण आमच्याच खात्यातले सांगतील : माणसे कमी, कामे ढीगभर, सात-सात शेतकऱ्यांचे प्लॉट कोण सांभाळणार? अडचण खरी आहे. पण एका प्लॉटचा मेळावा घेऊन चुकीची शिफारस केली, तर पुढच्या वर्षी दोनशे एकरांवर तिची भरपाई होते आणि ती शेतकरी करतो. त्यापेक्षा दहा गावांत दहा एकेरी प्लॉट घेण्याऐवजी एका गावात सात जणांचे नीट घ्यावेत. शिवारफेरी कमी झाली तरी चालेल.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, शेतकऱ्यांसाठी. कुणीही, कंपनीचा माणूस असो की माझ्यासारखा सरकारी, वाढीव उत्पन्नाचा आकडा सांगायला लागला की तीन प्रश्न विचारा. किती रानांत लावले होते? जुने वाण त्याच रानात शेजारी होते का? आणि सगळ्यात कमी उत्पन्न कुठे आले, ते रान दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून पिशवी घेताना दोनदा विचार करा.

दुसरी, आम्हा विस्तार कार्यकर्त्यांसाठी. प्रात्यक्षिकाच्या फलकावर एक आकडा न लिहिता सगळ्या शेतकऱ्यांचे आकडे लिहावेत, जमिनीच्या प्रकारासह. कमी आलेला आकडाही लिहावा.

तिसरी, सरपंच, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकांसाठी. पदांची सरकारी नावे आता बदलली, गावात मात्र अजून हीच चालतात. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी गावाने हजर राहावे आणि मंडळातल्या सगळ्या प्रयोगांचे आकडे गावनिहाय ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून वर पाठवावी. शेतकऱ्यांची नावे नकोत, आकडे हवेत.

बाबांकडे मी नंतर जाऊन आलो. म्हणालो, मागची शिफारस एका प्लॉटवरून केली होती, ती चूक माझी. येत्या खरिपात गावात सात जणांच्या रानात तीन वाणे शेजारी शेजारी लावू, त्यातले एक रान तुमचे मुरमाड असू द्या. बाबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "लावू. पण माझ्या रानात कमी आलं तर फलकावर लिहिणार का?"

लिहीन, असा शब्द दिला आहे. सहा जण अजून हवे आहेत.